समासातल्या चुका

पुस्तक कुठे फाटतं ते मला विचारा. लिहिणाऱ्याला ते माहीत नसतं, शिकवणाऱ्याला तर नसतंच नसतं. रसायनशास्त्राचं पुस्तक पहिल्या तीस पानांत फाटतं आणि मग एकदम शेवटी, जिथे मागच्या परीक्षांचे प्रश्न असतात तिथे. मधला भाग कोरा करकरीत. इंग्लंडचा इतिहास सगळीकडून सारखा फाटतो, कारण तो घोकायचा असतो. तर्कशास्त्राचं पुस्तक फाटत नाही, नुसतं मळतं. अर्थशास्त्राच्या पुस्तकात पानापानावर चहाचे डाग. आणि शरीरशास्त्राच्या प्रत्येक प्रतीतून तीच ती चार पानं कुणीतरी ब्लेडने कापून नेलेली असायची. ती कोणती, हे सांगायची गरज नाही.

मी बांधणीचं काम करत असे. आमचं घर बदलापूर गावातलं, भातशेतीचं. मॅट्रिकला गणितात माझी दांडी उडाली, तेव्हा वडिलांनी मला गिरगावात एका छापखान्यात चिकटवलं. तिथे चार वर्षं पुठ्ठे कापले, खळ शिजवली, मुकादमाच्या शिव्या खाल्ल्या आणि काम मात्र चोख शिकलो. वडील गेल्यावर परत आलो. घर आता भावाचं झालं होतं. त्याच सुमारास कल्याणपलीकडची लष्कराची छावणी सिंधमधून आलेल्या लोकांनी भरून गेली आणि तिला उल्हासनगर हे नाव पडलं. जिथे माणसं तिथे शाळा, आणि जिथे शाळा तिथे फाटकी पुस्तकं. नवी पुस्तकं तेव्हा मिळतच नसत. एकच प्रत तीन-तीन भावंडं वापरत आणि मग ती शेजारच्या बराकीत जाई. मी कॅम्प एकमधल्या एका बराकीचा व्हरांडा भाड्याने घेतला, त्याला तीन बाजूंनी पत्रे ठोकले आणि आत शिकंजा मांडला. शिकंजा म्हणजे कागद आवळून धरायची लाकडी चाप. तेच दुकान, तेच घर.

मला कुणी विचारलं असतं, तर मी म्हटलं असतं की मला माणसांची गरज नाही. पण कुणी विचारलंही नाही. गिऱ्हाईक यायचं, पुस्तक टेकवायचं, "कब मिलेगा?" म्हणायचं, मी "शुक्रवार" म्हणायचो, संपलं. शुक्रवारी तेच गिऱ्हाईक पुस्तक उचलून निघून जायचं. आठवड्याचं माझं संभाषण एवढंच. आजूबाजूला सगळी सिंधी बोली. ती माणसं एकमेकांशी भांडायची तीसुद्धा मला हेवा वाटावा अशी. बराकीत दोन कुटुंबांमध्ये गोणपाटाचा एकच पडदा असे. पलीकडचा खोकला, हसणं, पापड लाटताना पोळपाटाचा आवाज, सगळं माझ्यापर्यंत यायचं, फक्त माझ्यासाठी काही नसायचं.

रविवारी बदलापूरला जायचो. वहिनी ताट वाढायची, मी जेवायचो, ओटीवर जरा पडायचो आणि निघायचो. एकदा ती वैतागून म्हणाली, "भावजी, तुमी येतांव कवा नि जातांव कवा, कलत नाय. बोलत तं कवाच नाय. घरान मानसां हायेत का भुतां?"

मी म्हटलं, "बोलण्यासारखं काही नाही."

"तं इचारा ना कायतरी. आमी तरी बोलू."

विचारणं मला कधी जमलं नाही. विचारलं आणि समोरच्याने नाही म्हटलं तर? त्यापेक्षा न विचारलेलं बरं, हा माझा हिशेब. अभिमान म्हणा, घुमेपणा म्हणा. आमच्या घरात वडिलांपासून सगळे असेच, मीठ हवं असलं तरी मिठाच्या वाडग्याकडे नुसतं बघत बसणारे.

त्याऐवजी मी वाचायचो. आलेलं पुस्तक उसवण्याआधी थोडंतरी वाचायचंच, असा माझा नेम होता. त्यामुळे मला सगळ्या शास्त्रांतलं थोडं थोडं येतं आणि कुठलंच पूर्ण येत नाही. उष्णतेचं वहन मला येतं, पण विजेपाशी पोचेपर्यंत शुक्रवार उजाडला. पानांना हिरवा रंग कशाने येतो ते ठाऊक आहे. नागरिकशास्त्रातले हक्क वाचले, कर्तव्यांची पानं त्या प्रतीत नव्हती. गणिताच्या पुस्तकांना मात्र मी हात लावायचो तो फक्त बांधण्यापुरता.

आणि या पुस्तकांत मला कशाची चीड येत असेल, तर समासातल्या खरडीची. छापलेल्या मजकुराच्या कडेला जी कोरी पट्टी असते, तिथे पोरं काय वाट्टेल ते लिहितात. मास्तरांची टोपणनावं, मिशा, सिनेमाची गाणी. पुस्तक एवढ्या कष्टाने कुणी लिहायचं आणि कुणा टवाळाने त्यावर मिशा काढायच्या! कडा चौकोनी करताना सुरी फिरवली की ही सगळी खरड पट्ट्या होऊन खाली पडायची. कडा एवढ्यासाठीच दोन सूत जास्त कापायला मला आवडायचं. खरं सांगतो, त्यात मला आनंद होता.

अशातच एके दिवशी मास्तर आले. त्यांना मी पुढे सिंधी रीतीने आदराने साईं म्हणू लागलो, पण मनात ते मास्तरच राहिले. साठीचे, उंच, पायजमा स्वच्छ पण गुडघ्यावर ठिगळ. विठ्ठलवाडी स्टेशनाबाहेर पेपरमिंटच्या गोळ्या विकताना मी त्यांना पाहिलं होतं. त्यांनी लाल-निळ्या छापाच्या चादरीत बांधलेलं एक गाठोडं माझ्यासमोर सोडलं. आत सुटी पानं. हाताने लिहिलेली, दोन्ही बाजूंनी, सिंधी लिपीत. प्रत्येक पानावर एक आकृती. त्रिकोण, वर्तुळ, समांतर रेषा, आणि कोपऱ्यांवर इंग्रजी अक्षरं. लिपी कळत नसली तरी हा भूमितीचा ग्रंथ आहे हे मला लगेच कळलं. जिने मला नापास केलं तिला मी ओळखणार नाही तर कोण?

"पुट, ये मेरी किताब है," ते म्हणाले. पुट म्हणजे बाळ, मुला. "खरीदी नहीं है. मैंने लिखी है. तीस साल पढ़ाया, तीस साल लिखी."

त्यांनी सांगितलं ते असं. तिकडे त्यांची शाळा होती. येताना ट्रंकेत कपडे भरायचे की पुस्तक, यावर बायकोशी भांडण झालं आणि पुस्तक आलं. आता कच्छकडे सिंधी लोकांची नवी वसाहत उभी राहत होती आणि तिथल्या शाळेला सिंधीतून गणित शिकवणारा माणूस हवा होता. शाळेच्या लोकांनी पुस्तक बघायला मागितलं होतं. सुट्या पानांचं गाठोडं घेऊन गेलं तर रद्दीवाला समजतील, म्हणून बांधून हवं होतं.

"संभाल के करना," ते म्हणाले. "दूसरी नहीं है."

"शुक्रवार," मी म्हणालो.

ते क्षणभर उभे राहिले, जणू मी आणखी काही विचारीन. मी नाही विचारलं.

आता माझा गुन्हा सांगतो. सिंधी उजवीकडून डावीकडे लिहितात हे मला माहीत नव्हतं असं नाही. दुकानांच्या पाट्या रोज बघत होतो. पण डोक्याला माहीत असणं वेगळं आणि हाताला माहीत असणं वेगळं. आपल्या पुस्तकाची शिवण डावीकडे येते. त्यांच्या पुस्तकाची उजवीकडे, आणि मोकळा समास डावीकडे. माझ्या हाताने शेकडो पुस्तकं डावीकडून शिवली होती. त्याने हेही तसंच घेतलं. आकृत्या ओळखीच्या होत्या, इंग्रजी अक्षरं ओळखीची होती, म्हणून मला वाटलं की पुस्तकही ओळखीचंच आहे. डावीकडच्या कडा झिजून फाटक्या झाल्या होत्या आणि तिथे लाल शाईने बारीक गिचमीड होती. फाटक्या कडेत टाका बसत नाही. मी मनात म्हटलं, या मास्तरांच्या पोरांनीपण मिशा काढल्याच की! शिकंजा आवळला आणि बोटभर कड साफ उडवली. उरलेल्या गिचमिडीतून आरीने भोकं पाडली, दोरा ओवला, वरून खळ फासली. निळं कापड, पाठीला कातडी पट्टी. गिरगावातला मुकादमसुद्धा नाक मुरडणार नाही असं काम झालं.

शुक्रवारी मास्तर आले. पुस्तक बघून त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी ते मांडीवर घेतलं, कापडावरून हात फिरवला आणि उघडायला हात घातला तो पाठीवर. पुस्तक तिथून उघडणार कसं? त्यांनी ते उलटं केलं. मग समोर शेवटचं पान आलं. ते हसले, "अरे, ये तो अंग्रेज बन गई." मग त्यांनी एक पान उलटलं, पानाच्या डाव्या बाजूला शिवणीत बोट घातलं आणि ते हसायचे थांबले. दुसरं पान उलटलं. तिसरं. बोट प्रत्येक वेळी त्याच जागी.

"यहाँ लिखा था," ते म्हणाले.

मी म्हटलं, "वो तो कुछ लड़के लोगों ने..."

"लड़कों का ही था."

मग त्यांनी हळूहळू सांगितलं. प्रमेयं तर कुठल्याही भूमितीत असतात. ती त्यांची नव्हती. त्यांचं होतं ते समासात. तीस वर्षांत कुठला मुलगा कुठल्या प्रमेयाला कुठे अडखळला, काय चुकला, का चुकला, ते त्यांनी त्या त्या पानाच्या कडेला लाल शाईने लिहून ठेवलं होतं. मुलाच्या नावासकट. पुढच्या वर्षी त्या जागी आले की ते आधीच थांबायचे आणि दुसऱ्या वाटेने समजवायचे. त्यांच्या पुस्तकातला ग्रंथ म्हणावा तो तेवढाच होता. आणि ती मुलं आता कुठे, कोण जगलं, कोण कुठल्या छावणीत, काहीच ठाऊक नव्हतं. त्यांची नावं होती ती त्या बोटभर पट्टीत.

"टुकड़े कहाँ हैं?" त्यांनी विचारलं.

खळ शिजवायला चूल लागते आणि चूल पेटवायला मी कात्रणंच वापरायचो. त्या दिवशीही वापरली. ज्या खळीने ते पुस्तक चिकटवलं, ती त्याच्याच कडांच्या जाळावर शिजली होती. हे मी त्यांना सांगितलं. खोटं बोलायला सुचलं नाही म्हणून.

आणि मग, माझा स्वभाव बघा, पाया पडायच्या ऐवजी मी त्यांच्यावरच ओरडलो. "बोलना था ना पहले! मेरे को क्या मालूम? मैं क्या सिंधी पढ़ता है?"

"हाँ," ते म्हणाले. "बोलना था." ते पुस्तक चादरीत बांधून निघून गेले.

दोन दिवस मी एकही पुस्तक उसवलं नाही. कुणी माझ्यावर रागावलं असतं तर बरं वाटलं असतं. मला इतकी शरम आयुष्यात पुन्हा कधी वाटली नाही. पण त्यांची बराक शोधून जावं आणि माफी मागावी, हे काही झालं नाही. पाच मिनिटांवर तर होती. मी दारात बसून रस्त्याकडे बघत राहिलो.

तिसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर तेच आले. गाठोडं खाली ठेवून म्हणाले, "तू मैट्रिक है?"

"फेल."

"किसमें?"

"गणित में."

ते इतक्या मोठ्याने हसले की पडद्यापलीकडची पोळपाटं थांबली. "तो बैठ," ते म्हणाले. "मेरे को फेल लड़का चाहिए. पास वाले मेरे किस काम के?"

त्यांचा बेत असा होता. मी पुस्तक उसवायचं, प्रत्येक पानाच्या डाव्या कडेला नव्या कागदाची पट्टी जोडून नवा समास तयार करायचा आणि शेवटी शिवण उजवीकडून घालायची. हे माझं प्रायश्चित्त. आणि रोज संध्याकाळी गोळ्या विकून झाल्या की ते येणार, मला एक-दोन प्रमेयं घालणार, मी ती सोडवायची, आणि मी जिथे चुकेन ते मास्तर नव्या समासात लिहिणार. कच्छहून उत्तर यायला अजून अवकाश होता. तोवर पुस्तक पुन्हा शिकवण्याजोगं व्हायला हवं होतं.

मी चुकलो, आणि काय चुकलो म्हणता! मी त्रिकोण काढला की तो दोन बाजू सारख्या असलेलाच निघायचा, आणि मग मला सगळं सिद्ध झाल्यासारखं वाटायचं. "दुनिया में सब तिकोन ऐसे सुंदर नहीं होते," मास्तर म्हणायचे आणि एक वेडावाकडा काढून द्यायचे. दोन बाजू आणि एक कोन सारखा दिसला की मी त्रिकोण एकरूप ठरवून मोकळा. तो कोन त्या दोन बाजूंच्या मधला आहे का, हे बघायची सवड कुणाला! पण माझी सगळ्यात आवडती चूक म्हणजे, जे सिद्ध करायचं तेच धरून चालायचं. "दिसतंय की आकृतीत," मी म्हणायचो. ते पेन्सिल खाली ठेवायचे. "दिखता है, इसलिए है?"

मग ते लाल शाईने लिहायचे. मी विचारायचो काय लिहिलं, ते हिंदीत वाचून दाखवायचे. "जिल्दवाला यहाँ जल्दी करता है. उसको रोको, पानी पिलाओ, फिर पूछो कौन सा कोन." जिल्दवाला म्हणजे मी, बांधणीवाला. माझं नाव त्यांनी विचारलं होतं, पण त्यांना जिल्दवालाच आवडायचं.

मी सुखी होतो. हे सरळच लिहून टाकतो. साडेचार वाजले की मी खळीचे हात धुऊन, मधलं सामान सरकवून बसायची जागा करायचो. आपल्या चुकीकडे कुणी इतकं निरखून बघेल, तिचा राग न करता ती जपून लिहून ठेवेल, हे माझ्या बाबतीत कधी झालं नव्हतं. शाळेत चुकलं की छडी, छापखान्यात चुकलं की शिवी. इथे मी चुकलो की मास्तर पुढे सरकून बसायचे. ते मध्येच त्यांच्या गावचं काही सांगायचे, कालव्याचं, खजुराचं, शाळेच्या घंटेचं. मलाही विचारायचे. मी भातशेतीचं सांगितलं, वडिलांचं सांगितलं. वहिनी म्हणते मी भूत आहे, तेसुद्धा सांगितलं. एका रविवारी मी बदलापूरला गेलोच नाही, कारण त्या दिवशी मास्तर सकाळी येणार होते.

पण पानं होती तेवढीच होती. आधी मी त्यांचा विचार केला नाही. मग उरलेला गठ्ठा बोटाएवढा झाला, मग पुठ्ठ्याएवढा. आणि वाईट म्हणजे मला भूमिती येऊ लागली होती. एखाद्या प्रमेयात मी चुकतच नसे आणि ते पान कोरं ठेवून आम्हांला पुढे जावं लागे. मास्तर खूश व्हायचे. मी उरलेली पानं मोजायचो. शेवटचं पान झालं की हा माणूस इथे कशाला येईल? पुस्तक शिवून घेईल, "शाबास पुट" म्हणेल आणि जाईल, जशी सगळी गिऱ्हाइकं शुक्रवारी जातात.

म्हणून मी मुद्दाम चुकायला लागलो.

पहिल्यांदा जमून गेलं. समांतर रेषांच्या एका प्रमेयात मी उलटा कोन धरला आणि ती चूक समजावण्यात पूर्ण संध्याकाळ गेली. ते समासात लिहीत असताना मला लाज वाटली, पण ती संध्याकाळ मिळाल्याच्या आनंदात बुडून गेली. मग दोन दिवसांनी पुन्हा. तीन पानं उरली होती, तेव्हा मी वर्तुळाच्या स्पर्शिकेचं प्रमेय करत होतो. स्पर्शिका म्हणजे वर्तुळाला एकाच ठिकाणी टेकून जाणारी रेषा. तिथे काढलेली त्रिज्या तिला काटकोनात असते, हे मी आदल्याच दिवशी धडाधड वापरलं होतं. त्या दिवशी मी तो कोन भलताच धरला आणि पुढे लिहीत गेलो.

मास्तरांनी लाल शाईचं पेन उचललं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"ये गलती किसी लड़के की नहीं है," ते म्हणाले.

"मेरी है. भूल गया."

"नहीं. तीस साल गलतियाँ देखी हैं, पुट. जो सच में गलती करता है, वो अपने कागज़ को देखता है. तूने लिखा और मेरे को देखा."

त्यांनी मागची पानं चाळली, ते समांतर रेषांचं पान काढलं आणि बोट ठेवून म्हणाले, "ये भी?"

मी मान हलवली आणि दोन दिवसांनंतरचं ते दुसरं पानही काढून दाखवलं. मला वाटलं आता ते उठतील. त्यांनी खळीच्या डब्याशेजारचं ओलं फडकं घेतलं, मीच चिकटवलेली समासाची पट्टी भिजवली आणि अलगद सोलून काढली. मग दुसऱ्या पानाची. त्या पट्ट्यांवर त्यांच्याच हातचं लिहिलेलं होतं. त्यांनी त्या चुरगाळून माझ्या हातात दिल्या.

"कोई मास्टर इसको पढ़ के बच्चे को यहाँ रोकेगा," ते म्हणाले, "जहाँ बच्चा अटकता ही नहीं." आवाज चढला नव्हता. पुस्तकाच्या कडा मी जाळल्या तेव्हाही ते एवढे दुखावलेले दिसले नव्हते. मग त्यांनी विचारलं, "क्यों किया?"

मी त्या पट्ट्या बोटांनी सरळ करू लागलो. मग म्हणालो, "किताब पूरी हो जाती, तो आप आते क्या?"

त्यांना ते समजायला जरा वेळ लागला. समजलं तेव्हा त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बुलाया होता तो ऐसे भी आ जाता," ते म्हणाले. "मेरे को कौन बुलाता है यहाँ?"

हे मला कधी सुचलं नव्हतं. मी स्वतःला एकटा समजत होतो आणि ते माझ्यावर उपकार करायला येतात असं धरून चाललो होतो. आकृतीत दिसत होतं म्हणून.

त्यांनी मला पुस्तक त्या दिवशीच शिवायला लावलं. कच्छचं पत्र कधीही येईल, म्हणाले. सोललेल्या पानांना कोऱ्या पट्ट्या जोडून मी शिवण उजवीकडून घातली. शेवटची दोन पानं सोडवायची बाकी होती, त्यांचे समास कोरे. पुस्तक चादरीत बांधून ते दारात उभे राहिले. "ये दो पन्ने बाकी हैं," ते म्हणाले. "अब मैं अपने से नहीं आऊँगा. जब तेरा मन करे, तू बुलाना. बराक मालूम है ना?"

मी म्हटलं, मालूम है.

पाच मिनिटांचा रस्ता. दुसऱ्या दिवशी मी गेलो नाही, कारण शरम ताजी होती. तिसऱ्या दिवशी वाटलं, लगेच गेलो तर अधाशी दिसू. मग जूनमध्ये शाळा सुरू झाल्या, कामाचा ढीग पडला आणि मला छान सबब मिळाली. रोज साडेचारला हात धुवायचो. एकदा अर्ध्या रस्त्यापर्यंत गेलो आणि वाटलं, काय म्हणायचं? "चला" म्हणायचं? माझ्याकडे आहे काय त्यांना बोलवायला, पत्र्याची खोली आणि खळीचा वास. परत फिरलो. असे तीन आठवडे गेले.

मग एकदाचा गेलो. गोणपाटाच्या पडद्याच्या जागी नवा, फुलाफुलांचा पडदा होता. बाहेर एक बाई उन्हात पापड वाळत घालत होती. मी मास्तरांचं विचारलं.

"वो तो गए," ती म्हणाली. "चार दिन हुए. कच्छ. नौकरी लगी."

ती पुन्हा पापडांकडे वळली. मी हललो नाही, म्हणून तिने आपणहून पुढचं सांगितलं. म्हातारबाबा रोज संध्याकाळी इथेच, या पायरीवर बसायचे. गोळ्या विकायला जायचे तेही लवकर आटपून परत यायचे. मांडीवर निळं पुस्तक आणि खिशाला लाल पेन. बायको आत बोलवायची तर म्हणायचे, थोडं थांब, कुणीतरी येणार आहे. जायच्या दिवशीसुद्धा टांगा थांबवून ठेवला होता.

"पूछते थे, वो जिल्दवाला आया क्या," ती म्हणाली. मग तिने माझ्या हातांकडे पाहिलं. नखांत वाळलेली खळ होती. "आप हो क्या?"

मी म्हणालो, "नहीं."